शिकाऊ पुली

मास्तरला राग आला की ती आरडाओरडा करत नसे, टेप काढत असे. गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात हे नव्या माणसालाही पहिल्याच आठवड्यात कळायचं. एखादीने बाही अर्धा इंच आखूड शिवली आणि वर ‘कापडच तसं आलं होतं’ म्हणून हात झटकले, की मास्तर गळ्यातली टेप काढून बाही मोजायची, मग कापलेला तुकडा मोजायची आणि मग त्या बाईकडे नुसती बघत राहायची. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं, असं सगळ्यांचं एकमुखी मत होतं.

बाई असून तिला मास्तर म्हणत, कारण कापडं कापायच्या त्या लांबलचक टेबलाशी तिच्याआधी जे जे उभे राहिले ते सगळे मास्तरच होते, आणि एका बाईसाठी नवा शब्द शोधायला कोणाला सवड नव्हती. तिचा एक कडक नियम होता. दर सोमवारी सकाळी कारखान्यातल्या सगळ्या टेपा तिच्या टेबलावर यायच्या. एकेक टेप ती स्टीलच्या मीटरपट्टीला लावून बघायची. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, आणि ताणलेली टेप दिसायला अगदी शहाण्यासारखी दिसते. आकडे सगळे जागच्या जागी, फक्त खोटे. अशी टेप सापडली की मास्तर कात्रीने तिचे दोन तुकडे करायची. नुसती फेकायची नाही, कारण फेकलेली कोणीतरी उचलतं.

तिचा नवरा त्याच कारखान्यात मशीनचा मेकॅनिक. माणूस हाताचा हुशार, तोंडाचा गरीब. कामावर नवी मुलगी आली की तिच्या मशीनच्या मोटरला तो एक लहान पुली बसवायचा. मोटर फिरते तेवढीच, पण सुई हळू चालते, त्यामुळे मुलीची बोटं शाबूत राहतात. तिला म्हणायचे शिकाऊ पुली. अशा मशीनच्या मानेला लाल चिंधी बांधायची रीत होती, म्हणजे सुपरवायझरने उगाच घाई करायची नाही आणि मुलीलाही ठाऊक असायचं की आपली मशीन मुद्दाम हळू ठेवली आहे. हात बसला असं मास्तरला वाटलं, की ती स्वतः जाऊन चिंधी सोडायची. मग मेकॅनिक मोठी पुली लावायचा. मास्तरने सोडल्याशिवाय चिंधी सुटत नसे, मालकाने सांगितलं तरी.

पावणेदोन वर्षांपूर्वी मास्तर त्याच टेबलाशी कोसळली. हृदयाची एक नळी तुंबली होती, तिच्यात जाळी बसवली. दोन महिन्यांनी ती कामावर हजर झाली आणि टेबल तिला परत मिळालं, कारण तिच्या गैरहजेरीत कापलेल्या दीडशे पँटी फक्त एकाच पायाच्या माणसांना झाल्या असत्या. कारखान्याने तिला होती तशी परत घेतली. घराने नाही. घरात तिने बादली उचलली की सासूबाई ओरडायच्या. जिना चढताना नवरा मागून दोन्ही हात पसरून चालायचा, जणू ती वरून पडणार आणि हा झेलणार. मुलगी परगावाहून रोज फोन करून आधी ‘आईला दे’ म्हणायची नाही, ‘आई कशी आहे’ म्हणून बापाला विचारायची. मास्तर शेजारीच बसलेली असायची. त्या काळजीने ती इतकी कावली होती, की कोणी ‘जपून’ म्हटलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि त्याच सुमारास शहरातली मॅरेथॉन कारखान्याच्या फाटकावरून गेली. दुपार व्हायला आली होती. पुढचे लोक केव्हाच संपले होते. सगळ्यात शेवटी एक बाई येत होती, मास्तरच्याच वयाची, कमरेने रुंद, चेहरा लालभडक. तिच्या मागे दहा पावलांवर एक गाडी चालली होती. सहा तासांत जे पुरं करणार नाहीत त्यांना उचलून घेणारी ती गाडी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या बाईने मागे न बघताच हात झटकून त्याला ‘चल हट’ केलं आणि धावत राहिली. मास्तर हातातला चहा गार होईपर्यंत बघत राहिली. पुढच्या वर्षी आपण, आणि तेही सहा तासांच्या आत, हे तिने तिथेच ठरवलं.

डॉक्टर म्हणाले, धावा, पण हळूहळू वाढवत. घर म्हणालं, वेड लागलंय. घरासमोरचा रस्ता गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांचा, फुटपाथ नावालाही नाही. शेवटी तह झाला तो असा, की धावायचं तर घरात, डोळ्यांसमोर. घरात ट्रेडमिल होतीच. नवऱ्याने स्वतःच्या पोटासाठी हौसेने आणली होती, अकरा दिवस चालला होता, आणि तेव्हापासून तिच्यावर टॉवेल वाळत होते. मधल्या खोलीत, सासूबाईंची खाट आणि खिडकी यांच्यामध्ये तिने टॉवेल उचलले आणि सुरुवात केली.

पहिला महिना नुसती फरफट झाली. मग एका रविवारी नवरा म्हणाला, मशीन कुरकुरतेय, जरा तेलपाणी करतो. दुपारभर खोलीचं दार लावून तो आत खुडबुडत होता. सोमवारी ती चढली आणि मशीन कशी लोण्यासारखी चालायला लागली. आठच्या वेगाला जीव जात होता, तो आता जाईना. पंधरा दिवसांत ती नऊवर गेली. त्या दिवशी तिने आपण होऊन नवऱ्याला आवडता शिरा करून घातला आणि म्हणाली, तुमच्या हाताला गुण आहे. नवऱ्याने मान खाली घालून शिरा खाल्ला. तिला वाटलं, लाजला.

साडेतीन महिने ती धावली. कामावरून आली की हातपाय धुवायचे आणि चढायचं. सासूबाई खाटेवर बसून टीव्ही बघायच्या आणि मधूनच ‘कुठवर पोचलीस गं’ विचारायच्या. ती आकडा सांगायची. दहा किलोमीटर एक तास सात मिनिटांत. वीस. पंचवीस. एका सुट्टीच्या दिवशी बत्तीस, आणि तेव्हा तिने बाथरूमचं दार लावून पोटभर रडून घेतलं. सहा तास म्हणजे तासाला सात किलोमीटर, वर थोडंसं. ती नऊने धावत होती. गाडीवाल्याला हात करायचीही वेळ येणार नाही, असं ती कारखान्यात सगळ्यांना सांगून बसली होती.

शर्यतीला चार आठवडे उरले असताना बटणवाली तिला म्हणाली, एकदा मैदानावर धावून तर बघ, रस्ता काही आपोआप पायाखालून सरकत नाही. बटणवाली म्हणजे काजा-बटणाच्या मशीनवरची, मास्तरची एकुलती एक मैत्रीण. रविवारी सकाळी दोघी मैदानावर गेल्या. चारशे मीटरची एक फेरी, पंचवीस फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर. मास्तर नेहमीच्या दमाने धावली. बटणवाली खडूने भिंतीवर रेघा मारत होती. पंचविसावी रेघ पडली तेव्हा घड्याळात एक तास तेवीस मिनिटं झाली होती.

सोळा मिनिटं जास्त. एखाद्या वेळी दोनचार मिनिटं इकडेतिकडे होतात. सोळा नाही. मास्तरने छातीवर हात ठेवला. तिला खरंच तिथे काहीतरी घट्ट झाल्यासारखं वाटलं, आणि एकदा तसं वाटलं की ते वाटणं काही जाईना.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मैदानाची माती जड असते. मग थोड्या वेळाने म्हणाला, वयही झालंय आपलं. संध्याकाळपर्यंत तो ‘नाव मागे घेतलंस तरी कोण हसणार आहे’ इथपर्यंत आला होता. ती रात्रभर डाव्या कुशीवर वळली नाही. पुढचे सात दिवस तिने जे काढले ते शत्रूवरही येऊ नयेत. टेबलाशी उभी असताना ती स्वतःचे ठोके मोजत होती. सासूबाईंची औषधं कुठल्या डब्यात आणि कुठली किती वाजता, हे तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. ट्रेडमिलवर तिने पुन्हा टॉवेल टाकले.

शनिवारी डॉक्टरांकडे गेली. नवरा बरोबर होता. डॉक्टरांनी तिच्या छातीला तारा लावल्या, पट्टी काढली, पुन्हा काढली, पडद्यावर हृदय बघितलं आणि म्हणाले, जाळी मोकळी आहे, हृदय उत्तम आहे, मला तर काहीच दिसत नाही. मग वेग का पडला, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी पट्टी तिसऱ्यांदा बघितली. नवरा कोपऱ्यात स्टुलावर तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. तो पर्सची चेन उघडझाप करत राहिला.

सोमवारी टेपा आल्या. एकोणतीस टेपा. एकोणिसावी एक सेंटीमीटर ताणलेली निघाली. मास्तरने कात्री उचलली, आणि तशीच थांबली. जिची ती टेप होती ती शिलाईवाली समोर उभी होती, तिला वाटलं आपल्या टेपेची कीव आली की काय. मास्तरच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. हृदय मोजून झालं. मैदान मोजलेलंच आहे, चारशे मीटर. मग मोजायचं काय राहिलं?

स्वतःला तिने मनातल्या मनात चार कडक शब्द सुनावले. जी बाई कारखान्यातल्या सुताच्या फितीवरसुद्धा विश्वास ठेवत नाही, तिने साडेतीन महिने काचेवरच्या आकड्याला मान डोलावली होती. का, तर मशीन नवऱ्याने तेलपाणी केलेली. घरचं माणूस म्हणजे स्टीलची पट्टी, असं धरून चालली होती.

संध्याकाळी नवरा भाजी आणायला गेला होता. तिने टॉवेल खाली ओढले, गळ्यातली टेप काढली आणि ट्रेडमिलचा पट्टा मोजला. हाताने फिरवत फिरवत, जोडापासून जोडापर्यंत. बरोबर तीन मीटर. मग पट्ट्यावर कापडाच्या खडूने आडवी रेघ मारली, स्वतः चढली, वेग नऊवर नेला आणि बटणवालीने घेऊन दिलेलं घड्याळ समोर धरलं. सासूबाईंना म्हणाली, जरा मोठ्याने मोजा, पांढरी रेघ आली की एक. नऊच्या वेगाला मिनिटाला दीडशे मीटर, म्हणजे रेघ पन्नास वेळा यायला हवी.

रेघ चाळीस वेळा आली.

दुसऱ्यांदा चाळीस. तिसऱ्यांदा सासूबाईंनी मोजायलाच नकार दिला. मास्तरने पेचकस आणला, पुढचं झाकण उघडलं. सव्वीस वर्षं मेकॅनिकच्या संसारात काढल्यावर पुली ओळखायला डोळे लागत नाहीत, बोट पुरतं. मोटरवर लहान पुली होती, लेथवर नीट निगुतीने कातलेली. कुठे ओरखडा नाही. किती मन लावून केली होती मेल्याने.

“अगं, काळजीपोटीच केलंय त्याने,” सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

मास्तर वळली. म्हणजे यांनाही माहीत होतं. रोज ‘कुठवर पोचलीस गं’ विचारणाऱ्या, आणि बत्तीस ऐकून ‘वा’ म्हणणाऱ्या या बाईलाही. सासूबाईंनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला.

नवरा पिशवी घेऊन दारात आला, तेव्हा झाकण उघडं होतं आणि मास्तर मशीनच्या दांडीला टेकून उभी होती. त्याने आधी पुलीकडे बघितलं, मग पांढऱ्या रेघेकडे. पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

“डॉक्टरसमोर बसला होतात,” ती म्हणाली. “माझ्या छातीला तारा लावल्या होत्या. तेव्हा तरी बोलायचं.”

“बोलणार होतो.”

“मी कपाटात औषधांचा कागद चिकटवला. माझ्यानंतर आईंचं काय, म्हणून. तुम्ही तो वाचलात. वाचून म्हणालात, अक्षर छान आलंय.”

त्याने पिशवी खाली ठेवली. म्हणाला, “तू टेबलाखाली पडली होतीस. मी आलो तेव्हा तुझे ओठ निळे झाले होते. तुला ते आठवत नाही, तू बेशुद्ध होतीस. मला रोज आठवतं. तू आठ केलंस की मला वाटायचं, आता पडली. मग काय करू? तुला थांबवलं असतं तर तू ऐकलं असतंस?”

हे खरं होतं आणि तिला ते दिसत होतं. पण त्यामुळे तिचा राग उतरला नाही, उलट चढला, कारण आता त्याच्यावर धड ओरडताही येईना.

“भीती तुमची होती,” ती म्हणाली. “तर ती तुम्ही बाळगायची. माझ्या पायाखाली कशाला घातलीत? काल लागलेल्या पोरीलासुद्धा तुम्ही चिंधी बांधून सांगता, की बाई, तुझी मशीन हळू आहे. ती पोर स्वतःला फसवत नाही. माझी चिंधी कुठे आहे?”

त्याने मशीनचं उघडं झाकण उचलून दोन्ही हातांत धरलं.

मास्तरने तुकड्यांच्या गाठोड्यातून लाल कापड ओढलं, टर्रकन चिंधी फाडली आणि त्याच्या हत्यारांच्या पिशवीच्या बंदाला बांधली. दोन गाठी मारल्या. म्हणाली, आता मोठी पुली लाव. सव्वीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं. सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी चिंधी कारखानाभर झाली. पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. एकीने धीर करून विचारलं, मेकॅनिक, तुम्ही कधीपासून शिकाऊ? तो म्हणाला, मास्तरांना विचार. चिंधी त्याने सोडली नाही, झाकली नाही, पिशवीची ती बाजू आत वळवूनही धरली नाही. मास्तरने हे बघितलं आणि बघितलं नसल्यासारखं केलं.

खऱ्या नऊच्या वेगाला ती अकरा मिनिटं टिकली. आठला अर्धा तास. तीन आठवड्यांत पाय बदलत नाहीत, ते तिलाही कळत होतं. ट्रेडमिल तिने सोडली आणि रोज पहाटे बटणवालीबरोबर मैदानावर जायला लागली. घरात कोणी ‘जपून’ म्हटलं नाही. कोणाची टाप नव्हती. बत्तीस किलोमीटरवर ती रडली होती, ते खरं पंचवीस होतं, हा हिशेब तिने एकदा केला आणि त्यानंतर दोन दिवस घरात भांडी जोरात आपटत राहिली.

शर्यतीच्या दिवशी ती नीट निघाली. वीसपर्यंत तासाला सात धरून होती. तिसाव्याला पोटऱ्या दगड झाल्या. चौतिसाव्याला मागून हॉर्न ऐकू आला. गाडी शेजारी आली, आतला माणूस गोड बोलून म्हणाला, ताई, बसा, इथवर आलात तेच खूप झालं. तिने मागे न बघता हात झटकला. वर्षभर आरशासमोर त्या हाताची तालीम केली होती, पण आता त्यात मजा वाटली नाही. अडतिसाव्याला त्यांनी सांगितलं की रस्ता वाहनांना सुरू करतोय, धावायचं तर फुटपाथवरून आणि स्वतःच्या जबाबदारीवर. जबाबदारी स्वतःची, हे ऐकून तिला त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले. ती फुटपाथवर चढली.

शेवटचे चार किलोमीटर ती शिव्या देत धावली. मोठ्याने नाही, दम नव्हता. एका पावलाला नवरा, दुसऱ्याला सासू, तिसऱ्याला ती स्वतः. छाती मात्र ठणठणीत होती. सगळं मोडत होतं, गुडघे, कंबर, नखं, पण जिच्यासाठी सगळ्यांनी तिला अंथरुणात गुंडाळून ठेवलं होतं ती छाती भक्कम वाजत होती.

ती पोचली तेव्हा शेवटची कमान उतरवत होते. कापड अर्धं खाली लोंबत होतं. मोठं घड्याळ गाडीत चढवलं होतं. पदकांची खोकी बांधून झाली होती. तिने कमानीच्या खांबाला हात लावला आणि मनगट बघितलं. सहा तास नऊ मिनिटं.

नवरा तिथे एकटाच उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, कारण घरात दुसरी धड पिशवी नव्हती. तिच्यातून त्याने टॉवेल काढला, पाणी काढलं, तिच्या चपला काढून तिच्या पायांसमोर नीट जोडीने ठेवल्या. त्याचे डोळे सुजले होते. तो सकाळपासून रस्त्याच्या कडेने गर्दीत कुठे कुठे उभा राहून तिला बघत आला होता, आणि एकदाही पुढे आला नव्हता, हे तिला नंतर बटणवालीने सांगितलं.

“पुरं केलंस,” तो म्हणाला. “अख्खं केलंस.”

ती कठड्यावर बसली, पाणी प्यायली. खरी पुली साडेतीन महिने पायाखाली असती तर ही नऊ मिनिटं मिळाली असती का? कदाचित असती. कदाचित पाचव्या आठवड्यात तिने दमून सोडूनही दिलं असतं. ते आता जगातली कुठलीही टेप लावून कळणार नव्हतं. ती नऊ मिनिटं हुकली असती तर तिची स्वतःची म्हणून हुकली असती, आता तेवढंही तिचं राहिलं नव्हतं, आणि राग होता तो याचा.

नवरा समोर उकिडवा बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. पिशवी त्याच्या शेजारी होती, बंदाला लाल चिंधी, तीन आठवड्यांत थोडी मळलेली. त्याने खालच्या मानेनेच विचारलं, “आता सोडतेस का ती?”

मास्तरने घड्याळाचं मनगट त्याच्यासमोर धरलं.

“वाचा.”

“सहा तास नऊ.”

“सहा माझे आहेत,” ती म्हणाली. “नऊ मिनिटं तुमची. चिंधी राहू दे.”

त्याने मान हलवली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.